कठवाड्याच्या जुन्या गाड्या पहिल्यांदाच बघायला जाताय? मग आधी हे वाचा

अहमदाबादला जाऊन आलेला माणूस साबरमती आश्रम सांगतो, अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) सांगतो, माणेकचौकातली रात्रीची खादाडी तर सांगतोच सांगतो, पण शहराच्या पूर्वेला रिंग रोडच्या बाजूला कठवाडा आहे आणि तिथल्या दास्तान इस्टेटमध्ये शंभरावर जुन्या गाड्या ओळीने उभ्या आहेत हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं. ऑटो वर्ल्ड म्हणतात त्याला. रोल्स रॉईस, बेंटली, डेमलर, लगोंडा, मर्सिडीज, पॅकार्ड, कॅडिलॅक, लिंकन, ऑबर्न अशी नावं, जी आपण एरवी मोबाईलवरच बघतो, ती इथे हाताच्या अंतरावर असतात (हात लावायचा नाही, त्याबद्दल पुढे बोलतोच). आणि हे सगळं एका माणसाने जमवलेलं, प्राणलाल भोगीलाल. मुंबईतले उद्योगपती, जुन्या गाड्यांच्या वर्तुळात मोठं नाव. ते २०११ साली गेले, संग्रह मात्र लोकांना बघायला खुला राहिला.

खाजगी संग्रह आहे हे डोक्यात ठेवून जा, कारण बरेच जण सरकारी म्युझियमची अपेक्षा घेऊन जातात आणि मग नाराज होतात. इथे प्रत्येक गाडीचा इतिहास पाच परिच्छेदात लिहून ठेवलेला नसतो, पाटीवर कंपनी, मॉडेल, साल अशी मोजकी माहिती मिळाली की झालं, बाकीचं गाडीकडूनच वाचून घ्यायचं. ते कसं वाचायचं तेवढंच मला सांगायचंय, बाकी तिकीट काढून आत तर कुणीही जातं.

जायचं कधी आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बस्स. गाड्या शेडमध्ये आहेत, एसी हॉलमध्ये नाही, आणि अहमदाबादचा मे महिना म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्याला विचारा. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. वेळ, तिकीट, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे, हे सगळं बदलत असतं, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. खाजगी जागा आहे, एखाद्या कार्यक्रमासाठी किंवा शूटिंगसाठी बंदही असू शकते.

मुंबईहून वंदे भारत साडेपाच तासांच्या आसपास घेते, कर्णावती आहे, रात्रीची गुजरात मेल आहे. पुणेकरांना अहिंसा एक्सप्रेस. कालूपूर म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्टेशनपासून कठवाडा साधारण १५ किलोमीटर. मेट्रोने पूर्वेकडचं शेवटचं स्टेशन वस्त्राल गाम गाठता येतं पण तिथून पुढे रिक्षा करावी लागतेच, त्यामुळे तिघं-चौघं असाल तर स्टेशनवरूनच ॲपवरून टॅक्सी घेतलेली बरी. परतीचं वाहन मात्र आधी बघून ठेवा, शहराच्या टोकाला आहे, गेटबाहेर रिक्षांची रांग लागलेली नसते.

बरोबर काय घ्यायचं, अंगात काय घालायचं

पाण्याची बाटली, साधे चालायचे बूट, छोटा टॉर्च किंवा मोबाईलचा टॉर्च. टॉर्च कशाला? डॅशबोर्ड आणि दाराच्या खालची पट्टी अंधारात असते आणि खरी गंमत तिथेच आहे. पाठीवरची सॅक शक्यतो हॉटेलवर नाहीतर टॅक्सीत ठेवा. जुन्या गाडीच्या मडगार्डवर सर्वात जास्त ओरखडे कशाने पडत असतील तर ते बघणाऱ्यांच्या सॅकच्या चेन, पट्ट्याचं बक्कल, अंगठी आणि कडं यांनी. वाकून आत बघताना बक्कल बरोबर दाराला घासतं आणि आपल्या लक्षातही येत नाही.

फोटोची हौस असेल तर गडद रंगाचा साधा टी-शर्ट घाला. हसू नका, पांढरा किंवा भगभगीत पिवळा शर्ट घालून काळ्या पॅकार्डचा फोटो काढा, चकचकीत पत्र्यातल्या प्रतिबिंबात गाडीपेक्षा तुम्हीच जास्त दिसाल. फ्लॅश बंद. उभ्याने फोटो काढण्यापेक्षा गुडघ्यावर बसून हेडलाईटच्या उंचीवरून काढलात तर त्या लांबलचक बॉनेटचा खरा अंदाज येतो.

आत गेल्यावर पहिला अर्धा तास

फोटो काढू नका. एक चक्कर नुसती मारा, सगळ्या शेड्स डोळ्याखालून घाला आणि मनात पाच-सहा गाड्या पक्क्या करा, मग परत येऊन फक्त त्यांच्यापाशी थांबा. शंभर गाड्या नीट बघणं एका दिवसात होत नाही, पंधराव्या गाडीनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागतात आणि पन्नासाव्या गाडीला पोचेपर्यंत घरची मंडळी कॅन्टीन कुठेय विचारायला लागलेली असतात. मी तर म्हणेन की एक ब्रिटिश, एक अमेरिकन, एक जर्मन, एक अगदी जुनी म्हणजे १९२५ च्या आधीची आणि एक तुमच्या आजोबांनी रस्त्यावर बघितली असेल अशी १९५० च्या दशकातली निवडा.

आता विंटेज कुठली आणि क्लासिक कुठली यावर लोक तासनतास भांडू शकतात. फिव्हा ही जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, त्यांच्या हिशोबाने १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० विंटेज, १९३१ ते १९४५ पोस्ट-विंटेज. आपल्याकडे बोलताना ढोबळमानाने १९४० च्या आधीची ती विंटेज आणि नंतरची ती क्लासिक असं चालतं. आपला सरकारी नियम तर वेगळाच आहे, २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमात बदल करून पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकीला विंटेज म्हटलंय, नंबरात व्हीए अक्षरं, नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांची मुदत. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही की भाड्याने फिरवायची नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

आता गाडी बघायची कशी

इथे जरा वेळ घ्या.

सगळ्यात आधी पुढचा लोगो बघायची सवय सोडा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी रोल्स रॉईस कंपनी पूर्ण गाडी विकतच नव्हती. कंपनी द्यायची चासी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायचं, म्हणजे बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली, पार्क वॉर्ड, मुलिनर असे कारखाने, त्यातले काही तर मुळात घोड्यांच्या बग्ग्या बनवणारे. म्हणून एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन रोल्स शेजारी उभ्या असल्या तरी एक बंद खोलीसारखी सेडान आणि दुसरी उघडी टूरर असू शकते. बॉडी कोणी बांधली ते शोधायचं असेल तर दाराच्या खालच्या पट्टीवर, पाय ठेवतो तिथे, छोटी धातूची पाटी असते. टॉर्च आणलात ना, मारा. ती पाटी वाचता आली की अर्धी गाडी कळली असं समजा. अमेरिकन गाड्यांचं वेगळं, तिकडच्या मोठ्या कंपन्या बऱ्याचशा बॉड्या आपल्याच व्यवस्थेत बनवायच्या, त्यामुळे बुईक किंवा शेवरोलेमध्ये एकसारखेपणा जास्त.

शेवरोलेवरून आठवलं, मुंबईकरांनी या गाड्यांपाशी जरा जास्त थांबावं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये आपल्या शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे जोडले जायचे. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि मग फियाट निघाल्या, त्यातलीच पुढची पद्मिनी, जिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. म्हणजे जुन्या गाड्या म्हणजे फक्त राजेमहाराजे आणि विलायत असं काही नाही, शिवडी-कुर्ल्याच्या कामगारांचाही हात त्यात आहे.

मग स्टिअरिंग. खिडकीतून (काचेला नाक न लावता) आत बघा. जुन्या रोल्सच्या स्टिअरिंगच्या मधोमध छोट्या दांड्या दिसतील, एकीवर अर्ली आणि लेट लिहिलेलं, दुसरीवर स्ट्राँग आणि वीक. पहिली स्पार्क कधी पडावा ते ठरवते, दुसरी पेट्रोल-हवेचं मिश्रण. आज जे काम गाडीतला कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा करतो ते ड्रायव्हर बोटाने करायचा, चढ आला की मागे, सपाटी आली की पुढे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटर मधला आणि ब्रेक उजवीकडे असतो. अशी गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या पुढे उभं राहू नये एवढंच सांगतो. दारांच्या मधल्या खांबात उभी खाच दिसली तर ती जुन्या इंडिकेटरची, वळताना त्यातून छोटा दिव्याचा हात बाहेर यायचा, रेल्वेच्या जुन्या सिग्नलसारखा. आणि समोर खाली, रेडिएटरच्या बुडाशी भोक दिसलं तर ते हँडल मारायचं. सेल्फ स्टार्टर कॅडिलॅकने १९१२ मध्येच आणला होता, तरी हँडलची सोय पुढे कित्येक वर्षं गाड्यांना ठेवलेली असायची, बॅटरी बसली तर काय करणार.

संस्थानिकांच्या गाड्या ओळखायला शिका, मजा येते. शिकारीच्या गाडीला मोठमोठे सर्चलाईट आणि बंदुका ठेवायची सोय. राणीसाहेबांच्या गाडीला पडदे किंवा काळसर काचा. मिरवणुकीची गाडी उंच, उघडी, मागची सीट अशी की लांबूनही बसलेला माणूस दिसावा. नंबरप्लेटकडेही लक्ष द्या, काही संस्थानांच्या गाड्यांवर संस्थानाचं नावच असायचं. १९८९ पासून एमएच वगैरे आलं, त्याआधी मुंबईच्या गाड्यांवर बीएमवायसारखी तीन अक्षरं असायची.

रिस्टोरेशन, म्हणजे जुनी गाडी पूर्ववत करणं, खरं किती, हे कसं ओळखायचं

चकाचक दिसली म्हणजे चांगली रिस्टोअर केली असं नसतं, उलट काही वेळा अति केलेलं असतं, कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा गाडी एवढी चमकत नसेल. काही सोप्या खुणा सांगतो, एकदा कळल्या की तुम्ही सोडणार नाही.

क्रोम बघा. गाड्यांवर क्रोमचा मुलामा सर्रास यायला लागला तो १९२० च्या दशकाच्या अगदी शेवटी. त्याआधी निकेल असायचं, ते जरा पिवळसर, उबदार रंगाचं, आणि पुसावं लागायचं. त्यामुळे पाटीवर १९२२ आणि रेडिएटर निळसर पांढरा चमकतोय तर मुलामा नंतरचा. मग स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू गाड्यांत आले तेच १९३६ च्या सुमाराला कॅडिलॅकमधून. १९२६ च्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते दिसले तर तो भाग कोणीतरी नंतर उघडून बसवलाय. टायर बघा, रेडियल टायरचं पेटंट मिशलीनने १९४६ मध्ये घेतलं, १९३० च्या दशकातल्या गाडीला रेडियल असतील तर सोयीसाठी घातलेत. दार आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. जुन्या बॉडीच्या आत बहुतेक वेळा ॲश लाकडाचा सांगाडा असतो, त्यावर पत्रा चढवलेला, लाकूड कुजलं किंवा बसलं की दार खाली लोंबतं आणि फट वाकडी होते. बाहेरून कितीही रंग मारा, ती फट खोटं बोलत नाही.

पण या खुणा मिळाल्या की लगेच तिथे उभं राहून "हे ओरिजिनल नाहीये" असं मोठ्याने जाहीर करायची घाई करू नका. आपल्याकडे कित्येक वर्षं आयात जवळपास बंद होती, इंग्लंडहून एक गॅस्केट मागवणंही दिव्य होतं, तेव्हा या गाड्या जगल्या त्या आपल्या मिस्त्रींमुळे. नमुना नाही, ड्रॉइंग नाही, जुना झिजलेला तुकडा हातात घेऊन लेथवर नवीन पार्ट काढायचा, पत्रा हातोडीने ठोकून मडगार्डची गोलाई आणायची, बेअरिंगमध्ये व्हाईट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून परत घासून बसवायचं. परदेशात हेच काम करणाऱ्या वर्कशॉपची नावं छापून येतात, आपल्याकडे गाडीच्या मालकाचं नाव पाटीवर असतं, मिस्त्रीचं कुठेच नसतं. मला हे खटकतं. म्हणून तिथे कोणी मेकॅनिक किंवा जुना कर्मचारी भेटला तर मॉडेलची नावं विचारण्यापेक्षा त्यांना विचारा की यातली सगळ्यात त्रास देणारी गाडी कुठली, कुठला पार्ट मिळत नाही, थंडीत कुठली पटकन चालू होते. गुजराती-हिंदी जे येतं त्यात बोला. "कार्बुरेटर कोण साफ करतं?" एवढ्या प्रश्नावर माणूस खुलतो.

काय विचारू नये हेही सांगून टाकतो. ॲव्हरेज किती देते? विकणार का? किंमत किती असेल? हे तीन प्रश्न त्यांनी त्या दिवशी तुमच्या आधी बऱ्याच जणांकडून ऐकलेले असतात.

हात, मुलं आणि दोऱ्या

हात लावायचा नाही, कारण घामात मीठ असतं आणि निकेल-पितळेवर बोटांचे ठसे नंतर डाग होऊन बसतात. दोरी नसली तरी नाही. फूटबोर्डवर पाय ठेवून फोटो तर अजिबात नाही, नव्वद वर्षांच्या लाकडावर पत्रा आहे तो, तुमचं वजन काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की हॉर्नचा रबरी फुगा दाबायचा नाही, नाहीतर तोच पहिला दाबतात. मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून एक खेळ द्या, प्रत्येक बॉनेटवरचा पुतळा शोधायचा आणि वहीत काढायचा. रोल्सची पंख पसरलेली बाई चार्ल्स साईक्सने १९११ मध्ये घडवली, १९३० च्या दशकातल्या काही गाड्यांवर ती गुडघ्यावर बसलेलीही असते, मुलं ते बरोबर शोधून काढतात, मोठ्यांना दिसत नाही.

तिथे पैसे भरून ठरावीक गाडीतून छोटी चक्कर मारायची सोय असते, चालू आहे का ते फोनवरच विचारून घ्या. असेल तर तेवढे पैसे वाचवू नका. खाली उभं राहून न कळणारी गोष्ट आत बसल्यावर कळते, की ही गाडी थांबायला किती वेळ घेते आणि ड्रायव्हरचं लक्ष किती लांबवर असतं.

कोणाच्या घरी, गॅरेजमध्ये बघायची संधी आली तर

पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-बडोद्याकडे घरच्या गॅरेजात दोन-चार गाड्या सांभाळणारे बरेच आहेत. तिथे तिकीट नसतं, ओळखीने जायचं असतं. वेळ ठरवून जा, वेळेवर जा, बरोबर आणखी चार मित्र न सांगता नेऊ नका. फोटो काढण्याआधी विचारा आणि नंबरप्लेट, घराची पाटी, गेट हे सोशल मीडियावर टाकू नका, सुट्या पार्टांच्या चोऱ्या होतात, मालक लोक उगाच घाबरत नाहीत. मालकाने इंजिन चालू करून दाखवायचं म्हटलं तर गाडीच्या बाजूला उभे राहा, पुढे-मागे नाही. आणि काका बॉनेट उघडून बोलायला लागले की मधे मधे गुगलवरचं ज्ञान सांगू नका, ऐका.

गुजरात जमणार नसेल तर

उदयपूरला गार्डन हॉटेलच्या आवारात मेवाड राजघराण्याचा संग्रह २००० सालापासून खुला आहे, गाड्या वीसच्या आसपास पण जागा सुंदर, संस्थानाचं जुनं मोटार गॅरेज, अर्धगोल आकारात, आवारात जुना शेलचा पेट्रोल पंप. कमी वेळ असणाऱ्यांना मी कठवाड्याआधी हेच सांगेन. कोइम्बतूरचं जीडी कार म्युझियम उद्योजक-संशोधक जी. डी. नायडूंच्या घराण्याचं, तिथे राजेशाही थाट कमी आणि तांत्रिक गंमत जास्त, इंजिनिअरिंगची पोरं तिथे रमतात.

आणि फुकटात बघायचं असेल तर मुंबईतली हिवाळ्यातली विंटेज रॅली. मात्र फ्लॅग ऑफ बघायला जाऊ नका, गाड्या निघाल्या की गर्दीतून फक्त छपरं दिसतात. त्याआधी दोन तास, सकाळी सकाळी सुरुवातीच्या ठिकाणी पोचा. बॉनेट उघडी असतात, मालक फडकी घेऊन शेवटचं पुसत असतात, कोणाची तरी गाडी चालू होत नसते आणि चार जण मिळून त्यावर उपाय सुचवत असतात. चहावाला बहुतेक वेळा तिथेच असतो, पण कप हातात घेऊन कोणाच्या गाडीजवळ जायचं नाही, आधी पिऊन संपवा.